वीतभर जास्त

छपरावर चढलेल्या धाकू गावड्याला खालून कुणी काही शिकवायला गेलं की त्याचं डोकं फिरायचं. कौलं उतरवायची, वासे-रीपा तपासायच्या, सडलेलं बदलायचं आणि छप्पर पुन्हा चढवायचं, ही शाकारणी तो मालवणकडच्या गावात बापाच्या हाताखाली शिकला होता. पुढे वीस वर्षं त्याने मुंबईच्या गिरणीत माग चालवले. संप झाला, गिरणी गेली, तो मरोळला एका कारखान्यावर वॉचमन झाला. हातातलं छप्पर मात्र कुणी काढून घेतलं नव्हतं.

संपाला चार वर्षं झाली होती. जयवंत, अंबादास आणि विद्याधर हे त्याचे गिरणीतलेच दोस्त, आणि चौघांचा सुट्टीचा उद्योग एकच: लोकांची घरं दुरुस्त करून देणं, तीही फुकट. सामान घरवाल्याने आणायचं, घाम यांनी गाळायचा. रेशनच्या दुकानाबाहेर धाकूने एक पाटी टांगली होती. वर ऑइलपेंटने लिहिलं होतं, 'स्वतःचं घर आहे पण दुरुस्तीची ऐपत नाही, अशाने नाव लिहावं.' खाली लोक खडूने नावं लिहायचे. काम झालं की धाकू स्वतः जाऊन नाव पुसायचा, आणि पुसताना त्याचा तोरा असा असायचा की सगळं मरोळ यानेच बांधलंय.

त्या मे महिन्यात पाटीवर ॲग्नेसबायचं नाव होतं, गोल गोल, शाळकरी अक्षरात. ती गावठाणातली विधवा. नवरा इसिडोर शेती करायचा, तो जाऊन सात वर्षं झाली होती. घराच्या आढ्याखालचे, म्हणजे माथ्यावरच्या आडव्या तुळईखालचे, दोन्ही खांब वाळवीने पोखरले होते. पुतण्या लुईस रोज येऊन सांगायचा, "आंटी, विकून टाक. माझ्या किचनमध्ये एक खाट मावते." महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून दुरुस्तीची परवानगी मिळाली होती, पण एका अटीवर. आढ्याची उंची होती तेवढीच राहिली पाहिजे. बोटभर जरी वाढली, तरी ते नवीन बांधकाम, आणि नवीन बांधकाम पाडणार. तिथला साहेब जुनी उंची टेपने मोजून लिहून घेऊन गेला होता. सोमवारी दहाला तो परत येणार होता.

"उंच नको करू रे धाकू," ॲग्नेसबायने शनिवारी तीनदा सांगितलं.

"बाय, तुमी जेवणाचं बघा. छपराचं मी बघतो," धाकूने तिन्ही वेळा तेच उत्तर दिलं.

आणि काम झालंही झकास. शनिवारी जुनं उतरलं, नवे खांब उभे राहिले, आढं बसलं. रविवारी दुपारपर्यंत एका बाजूची कौलं चढली. धाकू खाली उतरला, कमरेवर हात ठेवून त्याने छपराकडे पाहिलं. उतार असा देखणा की पाणी क्षणभर थांबायचं नाही. आपल्या हातावर तो बेहद्द खूश झाला.

ॲग्नेसबाय मात्र कोपऱ्यातून एक बांबू घेऊन आली. नाताळात इसिडोर याच बांबूने आढ्याला चांदणी टांगायचा, आणि म्हणून त्याने तो बरोबर आढ्याला टेकेल एवढा कापला होता. बायने बांबू जमिनीवर उभा धरला. तो आढ्याला टेकला नाही. मध्ये चांगली वीतभर जागा उरली.

खांब त्यानेच कापले होते, माप न घेता, अंदाजाने. त्याचा अंदाज कधी चुकत नसे, याचा त्याला केवढा गर्व.

जयवंत हळूच म्हणाला, "एक वितीचो फरक कोण मोजतलो?"

"उद्या साहेब मोजतलो. टेप घेऊन येतलो," धाकू म्हणाला. मग तो बायकडे वळला. मान वर करायला त्याला जड गेलं, पण त्याने केली. "बाय, माझी चूक. हे जे माप आहे ना, ते माझ्या गावच्या घराचं आहे. तिकडे पाऊस मोठा, म्हणून बापाने आढं उंच घातलं होतं. हात आपोआप तिकडेच गेला."

"मग तुझं घर बरं आहे ना?"

"संपात दोन वर्षं शाकारणीला जायला जमलं नाही. आढं कोसळलं. भिंती उभ्या आहेत." एवढं त्याने या तिघांनाही कधी सांगितलं नव्हतं. लगेच आवाज चढवून तो म्हणाला, "बघताय काय? कौलं उतरवा. अंधाराच्या आत परत चढवायची आहेत."

अंधाराच्या आत हे एकट्या चौघांच्याने होणारं नव्हतं. पण चर्चवरून परतणाऱ्या बायकांनी पाहिलं आणि कुणी न सांगता रांग लावली. कौल हातोहात अंगणात गेलं. पांढऱ्या शर्टातला लुईस जरा वेळ बघत राहिला, मग बाह्या सारून रांगेत घुसला. आढं दोरांनी पेलून धरलं, खांब वीतभर कापले, पुन्हा सगळं बसवलं. दिवेलागणीला बायने बांबू उभा केला आणि त्याचं टोक आढ्याला टेकलं. बाय रडली. धाकूलाही भरून आलं, पण त्याने ते कौलांच्या धुळीवर ढकललं.

सोमवारी साहेबाने टेप लावली, कागद पाहिला, सही केली आणि चहा पिऊन गेला.

मंगळवारी धाकू फडका घेऊन पाटीपाशी गेला. त्याने ॲग्नेसबायचं नाव पुसलं. त्याखाली, त्याच गोल शाळकरी अक्षरात, आणखी एक नाव होतं: धाकू गावडे, मालवण.

"ह्यां काय?" त्याने विचारलं. जयवंत दुकानाच्या पायरीवर विडी ओढत बसला होता.

"वाच ना वर, तूच लिवलंस. घर आसा, ऐपत नाय. एस्टीची सहा तिकिटां काढलंय."

"आमी चौघे."

"लुईस येता. बाय पण येता."

"आणि बांबू?" धाकूने विचारलं. त्याला चिडवायचं होतं.

"तो हंयच घरात ठेवतली," जयवंत म्हणाला. "बाय म्हणता, तुझ्या घराची उंची तुझ्या हाताक पाठ आसा."

धाकूने आपलं नाव पुसलं नाही. मग फडका खिशात घालून तो कारखान्यावर रजा मागायला गेला.