पूजेतून उठलेला फुटबॉल

मित्रांनो, फडताळाच्या सगळ्यात वरच्या खणात चामड्याचा एक सुरकुतलेला गोळा दिसतो ना? त्याला वाळका भोपळा समजू नका. परवा एका पाहुण्या बाईंनी तसे म्हटले आणि मला भारी राग आला. मी फुटबॉल आहे. जुना आहे, पोटात हवा टिकत नाही, हे सगळे कबूल. पण बडोद्यात एके काळी मला पाहायला माणसे जेवण अर्धे टाकून येत.

माझा जन्म मांडवीजवळच्या एका मोच्याच्या दुकानात झाला. रणछोडभाई घोड्यांची खोगिरे शिवत. फुटबॉल त्यांनी जन्मात शिवला नव्हता. एका फुटबॉल मंडळाच्या लोकांनी एक फाटका विलायती फुटबॉल त्यांच्यापुढे टाकला, तेव्हा त्यांनी तो टाका टाका उसवून पाहिला आणि त्याबरहुकूम पट्ट्या कापल्या. मला आधी उलटे शिवले, मग तोंडातून ओढून सुलटे केले, पोटात रबरी फुगा घातला, हवा भरली आणि तोंड चामड्याच्या वादीने आवळले. मग त्यांनी मला जमिनीवर आपटले. मी उडालो. ते एवढेच म्हणाले, “आ टकशे.” म्हणजे हा टिकेल. खोगिरे शिवणाऱ्या माणसाकडून एवढी स्तुती म्हणजे डोक्यावरून पाणी!

ते मंडळ म्हणजे तरुण मित्र फुटबॉल मंडळ. मी तिथे गेलो. तिथले गडी अर्धे नोकरदार आणि अर्धे खेळाडू होते. कुणी कचेरीत कारकून, कुणी पागेत, कुणी गिरणीत. दिवसभर चाकरी करायची आणि संध्याकाळी मला लाथा घालायच्या. परगावी सामना असला की रजा काढून जायचे, आणि जिंकले तर बिदागी मिळायची. दत्ताजीराव त्यांचे कप्तान. त्यांची लाथ बसली की माझे टाके कुरकुरत.

ते टाके घालून देणारी बाई म्हणजे दत्ताजीरावांची बायको, कौशल्याबाई. वाडी भागातल्या त्यांच्या घरी माझा मुक्काम असे. त्या मला मांडीवर घेऊन दाभण चालवत, चरबी चोळत आणि माझ्याशी बोलतही. इतकी माया मला दुसऱ्या कुणी लावली नाही, हे मी उघड सांगतो. गड्यांनी मनाला लावून घेऊ नये.

त्यांच्यामुळेच बायकांचा संघ उभा राहिला. श्रीमंत महाराजांच्या राज्यात मुली शाळेत जात आणि तिथे कवायतही करत. त्यामुळे बायका पळतात याचे बडोद्याला नवल नव्हते. त्या लाथ मारतात याचे होते. कवायतीच्या शिक्षिका निरुपमाबेन आणि कौशल्याबाई यांनी मिळून अकरा जणी जमवल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, शाळेच्या भिंतीआड त्या अनवाणी खेळत. त्यांची पहिली लाथ मला गुदगुली वाटली. महिन्याभरात ती गुदगुली राहिली नाही.

दोन वर्षे त्या भिंतीआड खेळल्या. मग मंडळाचे चिटणीस फत्तेसिंहराव म्हणाले की, एक सामना सगळ्यांसमोर खेळून दाखवा, म्हणजे तुमचा संघ मंडळाचाच धरू. पण ठरल्या दिवशी सामना झाला नाही, तर हे खूळ कायमचे बंद. माणूस वाईट नव्हता, पण शब्दाचा फार पक्का. समोर निरुपमाबेननीच तयार केलेला शिक्षिकांचा संघ ठरला; त्या स्वतः मात्र कौशल्याबाईंच्या बाजूने होत्या. शाळेला सुट्टी आणि मैदान मोकळे, म्हणून दिवस धरला खंडेनवमीचा. दुपारी चार वाजता. फुटबॉल यजमानांनी आणायचा, म्हणजे मी.

आता घोटाळा कसा झाला ते ऐका. दत्ताजीरावांचे वडील पिलाजीराव जुने शिलेदार होते. सून कवायतीला जाते एवढेच त्यांना माहीत. ती फुटबॉल खेळते हे त्यांना दत्ताजीरावांनी सांगायचे ठरले होते. ते रोज ‘आज सांगतो, उद्या सांगतो’ म्हणत राहिले आणि न सांगताच नवा फुटबॉल घेऊन गड्यांसह भरूचला सामन्याला निघून गेले. मैदानावर शूर आणि वडिलांपुढे मांजर. असे पुष्कळ असतात!

खंडेनवमीला त्या घरात हत्यारांची पूजा होई. सकाळी पिलाजीरावांनी तलवारी, भाला आणि ढाल पुसून पाटावर मांडली. मुलगा सणाला घरी नाही, हे त्यांच्या मनाला लागले होते. मग कोपऱ्यातून मला उचलले आणि तलवारींच्या शेजारी ठेवले. इंदिराबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या की, चामडे देवापुढे कसे चालेल? त्यावर त्यांनी विचारले की, ढाल मग कशाची आहे? मला हळदकुंकू लागले, झेंडू वाहिला, अक्षता पडल्या.

खरे सांगतो मित्रांनो, माझी छाती इतकी भरून आली की वादी तुटेल असे वाटले. मोच्याच्या दुकानात जन्मलेला मी, आणि पिढीजात तलवारींच्या पंगतीला बसलो! तेवढ्यात कौशल्याबाई नैवेद्याचे ताट घेऊन आल्या. मला पाहिले आणि त्यांच्या तोंडचे पाणीच पळाले.

कारण त्या घरचा दंडक असा होता की, पूजेत मांडलेले हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचे नाही. तोपर्यंत सामन्याची वेळ कधीच टळून गेली असती. दुपारभर त्या स्वयंपाकघर ते देवघर अशा फेऱ्या घालत होत्या. मला माझ्या त्या झेंडूच्या फुलाची लाज वाटू लागली. पण मी काय करणार? लाथ बसल्याशिवाय मला हलता येत नाही.

तीन वाजता निरुपमाबेन दारात आल्या. बाकीच्या जणी मैदानावर गेल्या होत्या. शिक्षिकांचा संघ आला होता, आणि फत्तेसिंहराव खिशातले घड्याळ काढून बसले होते. कौशल्याबाईंनी पदर सावरला आणि सरळ देवघरात आल्या. पिलाजीराव जपाला बसले होते.

“आबासाहेब, तो फुटबॉल मला हवा आहे.”

त्यांनी कशाला म्हणून विचारले.

“खेळायला. चार वाजता आमचा बायकांचा सामना आहे आणि मी त्यात आहे. आज खेळलो नाही, तर आमचा संघ मोडतील.”

इंदिराबाई मागून म्हणाल्या की, पूजेतले उचलणे म्हणजे अपशकुन. कौशल्याबाई मागे हटल्या नाहीत. त्यांचे अनवाणी पाय मला पाटावरून दिसत होते. पिलाजीरावही त्या पायांकडेच पाहत होते. उजव्या अंगठ्याचे नख काळेनिळे झाले होते. वरवंटा पायावर पडला, असे कौशल्याबाईंनी घरात सांगितले होते. पिलाजीरावांना आता त्या नखाचा खरा उलगडा झाला.

“सूनबाई,” ते म्हणाले, “मी हा माझ्या लेकाचं हत्यार म्हणून मांडला. ते तुझं हत्यार आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही.”

मग ते इंदिराबाईंना म्हणाले की, माझ्या वडिलांना ऐन खंडेनवमीला स्वारीचे बोलावणे आले होते, तेव्हा त्यांनी ‘उद्या येतो’ म्हणून कळवले नव्हते. एवढे बोलून त्यांनी माझ्यावर अक्षता टाकल्या, उत्तरपूजेचे “पुनरागमनाय च” तिथेच म्हटले आणि मला दोन्ही हातांनी उचलले. बोडक्या डोक्यानेच निघाले होते. दारात गेल्यावर पागोट्याची आठवण झाली. मैदानापर्यंत मला त्यांनीच नेले. वाटेत कुणी विचारले तर ‘सुनेचा सामना आहे’ असे सांगत होते.

सामना झाला. माझ्या अंगावरचे हळदकुंकू बावीस जणींच्या पायांना लागले. कौशल्याबाईंनी एक गोल केला, पण शिक्षिकांनी दोन केले. आम्ही हरलो. फत्तेसिंहरावांनी घड्याळ खिशात टाकले आणि म्हणाले की सामना झाला, आता संघ मंडळाचा. अकरा जणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. हरलेला संघ इतका आनंदाने रडताना मी पुन्हा पाहिला नाही.

घरी आलो तेव्हा इंदिराबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. “थांब,” त्या म्हणाल्या. कौशल्याबाई मातीने भरलेल्या, काष्टा सुटत आलेला, मी त्यांच्या कडेवर. त्यांना वाटले, आता बोलणी बसणार. इंदिराबाई आत गेल्या आणि निरांजन लावलेले तबक घेऊन आल्या. सीमोल्लंघनाहून आलेल्या पुरुषांना त्या घरात ओवाळत. सुनेला कुणी कधी ओवाळले नव्हते.

“आत्याबाई, आम्ही हरलो,” कौशल्याबाई कशाबशा म्हणाल्या.

“घरी आलीस ना? आधी ओवाळायचं. हरलं का जिंकलं, ते मागाहून विचारायचं.”

त्यांनी सुनेला ओवाळले, आणि मग, मित्रांनो, मलाही. फुटबॉलला रडता येत नाही ते बरे. पिलाजीरावांनी मला मातीसकट पुन्हा तलवारींशेजारी ठेवले. पुसूही दिले नाही.

त्यानंतर चार वर्षे मी खेळलो. मग माझा मान वाढत गेला आणि खेळ कमी होत गेला. ‘पूजेतला फुटबॉल, जपून ठेवा’ म्हणत मला इथे वर बसवले. कौशल्याबाई नव्या फुटबॉलने मुलींना शिकवतात. त्यांचा आवाज संध्याकाळी इथवर येतो, आणि मी ऐकत बसतो. खंडेनवमीला मला खाली काढतात, दसऱ्याला परत वर. वादी कुजली आहे, चामडे तडकले आहे. लाथांनी झाले नाही ते आरामाने झाले.

म्हणून तुम्हाला विनवतो. घरातले जे कामाचे असेल, मग ती वस्तू असो की माणूस, त्याला नुसते मखरात बसवू नका. मला चार बोटे चरबी लावा, नवी वादी घाला, थोडी हवा भरा आणि मुलींच्या पायात टाका. हळदकुंकू जरूर वाहा. पण संध्याकाळपर्यंत ते पुसले जाईल, इतके मला खेळवा.