कड्याचं तारण

"यात तुमचंही नाव आहे?" मास्तरांच्या मुलीने कागदावरून मान वर केली.

"आहे ना. पहिलंच," लिफ्टवाला म्हणाला. आवाज साधा ठेवायचा म्हटलं तरी त्यात जरा फुशारकी आलीच.

व्हरांड्यासमोर, शेत संपतं तिथे कडा उभा होता. कडा, शेत, घर सगळं मास्तरांचं. महिन्यापूर्वी ते गेले आणि सगळं मुलीचं झालं. चढायला यायचं तर आता तिची लेखी परवानगी हवी होती. गिर्यारोहण क्लबचे सहा जण फाटकाबाहेर दोर घेऊन खोळंबले होते.

मास्तरांना कागद लागत नसे. एकोणीस वर्षांपूर्वी क्लबातले सगळे त्यांच्या शिव्या खाऊन परतले, तेव्हा हा लिफ्टवाला एकटा पुन्हा गेला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. बंद पडलेल्या गोष्टीपुढे चिकाटीने बसायची सवय. मास्तर म्हणाले, "चढा. पण वर किती गेले नि खाली किती आले, हे मला कळायला हवं. एकाने माझ्यापाशी बसायचं."

पहिल्या रविवारी हाच बसला. पुढच्या रविवारी दुसऱ्याला पाठवलं, तर मास्तरांनी "तो कुठाय?" म्हणत फाटकच उघडलं नाही. तेव्हापासून हाच. क्लबात त्याचं नावच 'तारण' पडलं. याला मास्तरांकडे ठेवायचं आणि कडा सोडवून घ्यायचा. तोही हसायचा. मास्तरांशी पत्ते खेळायचा, आणि ते पान टाकेपर्यंत कड्याच्या मधल्या भेगेवरून नजर चढवायचा. इथे डावा हात, इथे पाय. भेग तोंडपाठ होती, हात मात्र एकदाही लागला नव्हता. "तुला नाही का रे चढावंसं वाटत?" मास्तरांनी एकदा विचारलं होतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून हा म्हणाला, "इथेच बरंय." बरं कसलं, जीव तुटायचा. पण म्हाताऱ्याला एकटं टाकून जायचं कसं?

आता त्याला अठ्ठावन्न वर्षं झाली होती, गुडघे अजून साथ देत होते. मास्तर गेले त्या आठवड्यातच 'आता चढता येईल' असं मनात येऊन गेलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. तरी नवे बूट त्याने घेतलेच.

"पण तुम्ही तर चढत नाही ना?" मुलगी म्हणाली.

"म्हणजे?"

"बाबा सांगायचे. बिचाऱ्याला उंचीची भीती वाटते, म्हणून माझ्यापाशी येऊन बसतो. बाकीचे चिडवतात त्याला." ती कागदाची घडी घालत होती, उलगडत होती. "आठ वर्षं मी मागे लागले होते त्यांच्या, माझ्याकडे चला म्हणून. वेगळी खोली तयार ठेवली. तर म्हणायचे, मी आलो तर रविवारी तो कुठे बसेल?"

लिफ्टवाल्याने घराच्या दाराकडे पाहिलं. महिन्यापूर्वी मास्तर बुधवारी न्हाणीघरात पडले होते. रविवारी दार वाजवून, मग फोडून, तोच आत गेला होता.

"राग यायचा मला तुमचा," ती म्हणाली. "आता नाही येत. ते कुणासाठी तरी थांबले होते, एवढं तरी आहे. नाहीतर त्यांना माझ्याकडे यायचंच नव्हतं, असं झालं असतं." तिने कागद पुन्हा उलगडला. मग विचारलं, "खरंच भीती वाटते ना तुम्हाला?"

तीस वर्षं तो पंधरा-पंधरा मजल्यांच्या इमारतींत लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करत आला होता.

"काका, झालं का?" फाटकाबाहेरून कुणीतरी हाक मारली.

"हो ताई," तो म्हणाला. "खाली बघितलं की चक्कर येते मला. नाव चुकून पडलंय. द्या इकडे."

खिशातलं पेन काढून त्याने पहिलं नाव खोडलं, अजिबात वाचता येऊ नये असं. मग खालचे क्रमांक दुरुस्त केले, दोनचा एक, तीनचा दोन, आणि कागद सहीसाठी तिच्यापुढे ठेवला.