ओव्हनमधली वाळू

ओट्यावर आठ अंडी होती, एक खवलेला नारळ, वाडगाभर भिजलेला रवा, लोण्याचा एक गोळा आणि बशीत वेलदोड्याची पूड. शेजारी माझे दोन थर्मामीटर. ओव्हनमध्ये वर दोन सळया, खाली दोन सळया, आणि तळाच्या ट्रेमध्ये वाळू. वाळू मी ट्रेबाहेर काढून काट्यावर तोलली. दोन किलो शंभर ग्रॅम. ट्रेमध्ये परत पसरली तेव्हा तिचा थर दोन सेंटिमीटरचा झाला. वाळूत चौदा पांढरे शिंपले होते, सगळे नखापेक्षा लहान.

"शिंपले कशाला मोजतेस गो?" पॉलिन मावशी म्हणाली. "ते काय केकात जाणार आहेत?"

"सवय आहे."

"तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचं कठीण आहे, बाय. बिचारा जेवायला बसला की तू भाताची शितं मोजशील."

मावशी हसली, पण ओव्हनकडे बघणं तिने टाळलं.

उद्या मावशी आणि अँथनी काकांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संध्याकाळी अंगणात जेवण. या घरातल्या प्रत्येक बाप्तिस्म्याला, प्रत्येक लग्नाला रवा-नारळाचा केक मावशीनेच केलेला. तो मागच्या पडवीतल्या चुलीवर होई. जाड बुडाच्या टोपात वाळू, वाळूवर केकचं भांडं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. दोन वर्षांपूर्वी घर नवीन बांधलं, पडवी गेली, चूल गेली. विरारला राहणाऱ्या जेन्सनदादाने, म्हणजे मावशीच्या मुलाने, तिला इलेक्ट्रिक ओव्हन घेऊन दिला. तेव्हापासून मावशीचा एकही केक आतून शिजला नव्हता. वरून सोनेरी, मधोमध ओलं पीठ. नाताळचा केक तिने कोंबड्यांना घातला आणि कुणाला सांगितलं नाही. मला आईकडून कळलं.

"माझ्या हाताला यश राहिलं नाही," असं ती आईला म्हणाली होती.

दादाचं म्हणणं सरळ होतं. साठ माणसं येणार, धोका नको. सहा वाजेपर्यंत सांगितलं तर पापडी गावातला दुकानवाला उद्यासाठी केक देईल. तोवर मम्मीला करून बघू दे.

म्हणून मी सांडोरला, मावशीच्या गावी आले होते. मी भौतिकशास्त्र शिकले, आणि मला आधी ओव्हनवरच संशय होता. बटण एकशे ऐंशीवर फिरवलं, वायरवाला थर्मामीटर जाळीला अडकवून दार लावलं. आत नारिंगी उजेड पडला. दहा मिनिटांनी बाहेरचा छोटा लाल दिवा विझला. आतली हवा एकशे अठ्ठ्याहत्तर होती.

"बरोबर आहे ओव्हन," मी म्हणाले, आणि म्हणताक्षणी वाटलं, हे वेगळ्या शब्दांत सांगायला हवं होतं.

मावशी पदराला हात पुसत राहिली. हात ओले नव्हते.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

खिडकीबाहेरच्या केळींतून ऊन गाळून आत येत होतं. फरशीवर, ओट्यावर, मावशीच्या पांढऱ्या केसांवर हिरवट उजेड हलत होता. बाहेरच्या खोलीत अँथनी काका खुर्चीतच झोपले होते. सगळं घर पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं, आणि त्या पाण्यात मावशी एकटी उभी.

दादाचा फोन आला. "जीना, आधी ती वाळू फेक बाहेर. ओव्हनमध्ये कुणी वाळू घालतं का? कंपनीवाले हसतील."

मलाही ते पटलं. वाळू घमेल्यात काढली, एका अंड्याचं थोडंसं पीठ वाटीत घालून रिकाम्या ओव्हनमध्ये जाळीवर ठेवलं. वाटीतला केक फुगला, त्याच्या डोक्याला तडा गेला, आणि बाहेर काढला तेव्हा बूड काळं झालं होतं. आत शिजलं होतं, पण कोरडं, भुसभुशीत.

मावशीने एक घास खाल्ला. बराच वेळ चघळला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "पण हा आपला नाही."

"का?"

"आपला केक दातांना कळला पाहिजे. रव्याचा दाणा दिसू नये, पण आहे हे कळावं. याचं तर पीठ झालंय." तिने उरलेली वाटी खिडकीत ठेवली. "उद्या हा ठेवला तर अँथनी काय म्हणेल माहीत आहे?"

"काय?"

"काही म्हणणार नाही. दोन तुकडे खाईल. तेच वाईट."

खालच्या सळया भांड्याच्या फार जवळ होत्या. त्यांचा ताप मध्ये काही नसल्यामुळे थेट बुडाला लागत होता. म्हणजे मधलं काहीतरी हवंच होतं, आणि ते काय असावं हे मावशीला माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत होतं. मग चुकत काय होतं?

"मावशी, चुलीवर वाळू तापली हे कसं कळायचं?"

"चिमूटभर रवा टाकायचा वाळूवर. पांढराच राहिला तर थांबायचं. काळा झाला तर निखारे ओढायचे. बिस्किटासारखा झाला की भांडं ठेवायचं." तिचा हात बोलता बोलता हवेत चिमूट सोडत होता. "कधी कधी फार वेळ लागायचा. माहेरी मी आणि तुझी आई पडवीत बसायचो. तुझी आई लहान, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. वाळू तापेपर्यंत मी तिच्या वेण्या घालून सोडायचे, परत घालायचे."

"आणि इथे? रवा टाकतेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काहीतरी येडपटासारखं विचारलं होतं. "इथे कशाला? इथे दिवा आहे ना. तो विझला की तापलं. जेन्सननेच शिकवलं."

मी ओव्हनचं दार उघडं ठेवून तो थंड होऊ दिला. वाळू परत ट्रेमध्ये भरली. या वेळी एक थर्मामीटर हवेत आणि दुसऱ्याचं टोक वाळूच्या वरच्या थरात. दार लावलं. दिवा पेटला, आणि आम्ही दोघी फरशीवर मांडी घालून काचेसमोर बसलो.

दिवा विझला. हवा एकशे ऐंशी. वाळू एकसष्ट.

"एकसष्ट म्हणजे किती?" मावशीने विचारलं.

"कढत चहापेक्षा थोडं कमी. बोट लावशील तर पटकन काढशील, पण भाजणार नाही."

"आणि यावर मी केक ठेवत होते?"

"दिवा फक्त हवेचा आहे, मावशी. त्याला वाळूचं काही ठाऊक नाही."

ती काचेतून वाळूकडे बघत राहिली. मग एकदम हसायला लागली, तोंडावर पदर धरून, काका उठू नयेत म्हणून. "दोन वर्षं! दोन वर्षं कोवळ्या उन्हात केक ठेवतेय मी!"

मग आम्ही थांबलो. त्या थांबण्याबद्दल नीट सांगणं कठीण आहे. काचेच्या आत नारिंगी उजेडात वाळू पसरलेली होती, तिच्यावर बारीक लाटांसारख्या रेघा, मध्ये शिंपले. ओहोटीनंतरचा छोटासा किनारा. सळया पेटायच्या, विझायच्या, आणि त्या किनाऱ्यावर ऊन यायचं आणि जायचं, एकामागून एक दिवस उलटावेत तसं. आकडे वर चढत होते, पण इतके सावकाश की बघत असताना हलत नसत. नजर काढून परत पाहिलं की पुढे गेलेले असत. नव्वद. एकशे चार. मावशीचा खांदा माझ्या खांद्याला टेकला होता. उबेने डोळे जड झाले. मला वाटलं, आत्ता त्या किनाऱ्याच्या टोकाला पाणी दिसेल, आणि पाण्याकडून दोन मुली चालत येतील, मोठीच्या डोक्यावर ओल्या वाळूची पाटी, धाकटी तिचा परकर धरून. मोठी म्हणेल, सोड गो, पडेन. धाकटी सोडणार नाही.

"जीना. झोपलीस काय?"

मी डोळे उघडले. एकशे एकोणसत्तर.

मावशीने दार जरासं उघडून चिमूटभर रवा वाळूवर सोडला. आम्ही दोघी वाकून पाहत राहिलो. दाणे आधी पांढरे होते. मग कडेकडेने रंग धरू लागले, आणि हलकेच बिस्किटासारखे झाले.

"आता," ती म्हणाली.

पुढचं तिने मला करू दिलं नाही. अंडी फेटताना तिचा दंड हलत नव्हता, फक्त मनगट. नारळ, रवा, लोणी, वेलदोडा. भांड्यात पीठ ओतलं, वर बोटाने एक क्रूस काढला, आणि तो बुजायच्या आत भांडं वाळूवर ठेवून जरासं दाबलं, चुलीवर दाबायची तसं. दार लागलं.

वास आधी आला. नारळाचा, मग लोण्याचा, मग दोन्ही वेगळे न ओळखता येणारा. बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरली.

"पॉलिन," काकांचा झोपाळलेला आवाज आला, "पडवीत काय ठेवलंयस?"

"पडवी कुठे राहिली?"

"अरे हो. मग वास कुठून येतोय?"

 मावशी काचेकडे बघत होती. दार मध्येच उघडून बघायची तिची सवय. दोनदा हात मुठीकडे गेला आणि दोनदा तिने तो मांडीखाली दाबून ठेवला.

नाताळच्या केकचं मी तिला विचारलं नव्हतं. तिने आपणच सांगितलं. "कोंबड्यांनीसुद्धा मधलं खाल्लं नाही बघ. कडा टोचून खाल्ल्या आणि मधलं ठेवलं."

"रव्यातलं पाणी आत अडकतं," मी म्हणाले. "मधोमध पंच्याण्णवच्या वर गेलं की मग ओलं पीठ राहत नाही."

"पंच्याण्णव."

"हो."

तिने तो आकडा ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटला, जपमाळेचा मणी ओढावा तसा.

फोन वाजला. मावशीने स्पीकर लावला. मागे रस्त्याचा गोंगाट होता.

"मम्मी, मी दुकानातच उभा आहे. हा माणूस विचारतोय, लिहू का म्हणून. काय सांगू?"

"थांब जरा."

"मम्मी, तो शटर ओढतोय."

"त्याला म्हणावं, शटर धरून उभा राहा," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बघ गो."

मी दार उघडलं. केक वरून सपाट होता, सगळीकडे एकाच रंगाचा. क्रूसाची एक फिकट रेघ राहिली होती. थर्मामीटरचं टोक मी मधोमध, अर्ध्या उंचीपर्यंत खाली घातलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत धरून ठेवलं. मावशीने डोळे मिटले होते. फोनमधून रस्त्याचा गोंगाट येत होता.

मधोमध अठ्ठ्याण्णव अंश.