हाकेला येणारा

"बोऽ बोऽ बोऽ..." मुठीत तांदूळ घेऊन गुरुदास अर्धा तास अंगणात ओरडत होता. कोंबडे माडापलीकडून त्याच्याकडे बघत होते. निवडणुकीत मत मागायला आलेल्याकडे मसुऱ्याची माणसं बघतात तसे.

दुपारी राखण होती, राखणदाराला कोंबडा द्यायचा होता. बागेची वेस सांभाळणारा हा देव. तीस वर्षांत त्याने एक रजा घेतली नव्हती, आणि गुरुदासने एक कोंबडा चुकवला नव्हता.

"आकांक्षा, ह्यांका झाला काय गो? एक जवळ येणा नाय."

आईला पेज भरवून लेक पडवीत आली.

"झाला ता तुमीच केलास, बाबा."

"मियां? मियां काय केलंय?"

"दरवर्षी हाक मारतास. जो येता, तेका धरतास. पळता तो उरता. मगे पिल्लां कोणाची? पळणाऱ्याची. तीस वर्षां तुमी पळपुटेच निवडतास."

"पुस्तकात ह्या आसता?"

"आसता. फक्त तुमचा नाव नाय."

गुरुदास हसला. हसू अर्ध्यावरच अडकलं.

दोन वर्षांपूर्वी बायकोची उजवी बाजू गेली, तेव्हा त्याने दोन्ही पोरांना फोन केला होता. मुंबईचा धनेश म्हणाला, मीटिंगमध्ये आहे. ती मीटिंग अजून संपलेली नाही. आकांक्षा कोल्हापुरात प्राणिशास्त्राच्या एमएस्सीला होती. ती त्याच संध्याकाळी दारात उभी राहिली. चार दिवसांसाठी.

पुन्हा प्रवेश घ्यायची उद्या शेवटची तारीख. सकाळी तिने विचारलं होतं, "जाव मी?" तो म्हणाला होता, "आधी राखण होवंदे."

"थांबा," म्हणत आकांक्षाने हाक घातली. एक तांबडा तरणा कोंबडा धावत थेट तिच्या पायांशी आला. तिने तो उचलून बापापुढे धरला. "घेवा. ह्यो येता."

कोंबडा फडफडलासुद्धा नाही. गुरुदासकडे विश्वासाने बघत राहिला.

"कोल्हापूरची एसटी कितीक गो?"

"अडीचाक. पण आवशीक..."

"पेज माका भरवूक येता."

"आणि राखणदार?"

"यंदा नारळ."

"तो रागावात."

"रागावांदे माझ्यार. मियां खंय पळतंय?"

दोन वाजता ती पिशवी घेऊन निघाली. कुंपणाच्या बेड्यापाशी थांबून तिने मागे पाहिलं. वाटेत खायला भरलेला तिचा डबा पडवीतच राहिला होता. गुरुदासला तो दिसला.

त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं. हाक मारली असती, तर ती आली असती.