सरांना नाही म्हणायचा तास

“हो सर,” चौघंही एका सुरात म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं.

“अरे, धड्यातला हा माळावर एकटा राहणारा म्हातारा सुखी आहे म्हणतोय मी! पटलं तुम्हाला? नंदीबैलासारख्या माना काय हलवता?”

“तुम्ही म्हणले म्हणून हो म्हणलं, सर,” रजत म्हणाला.

ही आमच्या भोकरदनच्या शाळेतली आठवीची हुशार मंडळी. शाळा भरायच्या आधी मी त्यांचा इंग्रजीचा जादा तास घेतो. गाईडमधली उत्तरं यांना तोंडपाठ. आणखी घोकून घेण्यात काय राम? म्हणून मी नियम केला, गाईड बंद आणि सर बोलतील ते खोडून काढायचं, तेही इंग्रजीत. पण सरांना नाही म्हणायचं हे या पोरांना कुणी शिकवलंच नव्हतं.

माझ्या घरात मात्र ती विद्या भरपूर होती. माझी बायको दुर्गा माझं एक वाक्य सरळ जाऊ देत नसे. मी म्हणालो, आज ऊन फार आहे, की हिचं ठरलेलं, “बिलकुल न्हाई!” मी वैतागायचो. ती गेली आणि घरात सगळं माझ्याच मनासारखं व्हायला लागलं. मुलगा पुण्याला. फोनवर तोही ‘हो बाबा’ करतो.

तेवढ्यात अर्पिता उठली. ओढणीचं टोक पिळत, अडखळत इंग्रजीत म्हणाली, “मला पटत नाही, सर. तो म्हातारा बकरीला रोज सांगतो, आज भाजी कोणती केली. सुखी माणूस बकरीला कशाला सांगेल?”

काय आनंद झाला मला! तिला फळ्यापाशी बोलावून तेच वाक्य लिहायला लावलं. संध्याकाळी घरी कढई उतरवताना मी मोठ्यानं म्हणालो, “वांगं केलंय आज.” पोरीनं बरोबर पकडलं होतं.

पुढं ती रोज भांडली माझ्याशी. बाकीचे एकेक करून क्लासला लागले. शेवटी तासाला ती आणि मी, दोघंच उरलो. मी मात्र आदल्या दिवशी बसून नवनवी खोटी विधानं शोधायचो. जगात दुसरं काम काय होतं मला?

परवा तिचे वडील, भागवत, पिंपळगाव रेणुकाईहून तिला मोटारसायकलवर घेऊन आले. संभाजीनगरच्या निवासी शाळेत तिचा नंबर लागला होता. परीक्षा तिनंच हट्टानं दिली होती.

“सर, आता म्हणती जात न्हाई. इचारलं तर कारण सांगंना. दोन दिवस झाले रुसून राह्यली. तुम्हीच सांगा, पाठवू का नको?”

इथंच राहू द्या म्हणालो असतो तर त्यांनी ऐकलं असतं. मला हवंही तेच होतं, खोटं कशाला बोलू?

“पाठवा,” मी म्हणालो.

“आय डोन्ट ॲग्री, सर,” अर्पिता म्हणाली. आणि पुढंही इंग्रजीतच, वडिलांना कळू नये म्हणून. “मी गेले तर तास बंद पडेल. मग तुमचं बोलणं कोण खोडून काढेल? तुम्ही काय बकरी पाळणार आहात?”

कुठंही अडखळली नाही. इतकं चांगलं इंग्रजी ती कधीच बोलली नव्हती.

“काय म्हणून राह्यली, सर?” भागवतनं विचारलं.

“तयार आहे म्हणते. जाते म्हणते.”

तिनं चमकून माझ्याकडं पाहिलं. डोळे भरले होते. तोंड उघडलं, तशी मी हळूच मान हलवली, नको म्हणून.

“हो सर,” ती म्हणाली.

गाडी गेली. मी वर्ग बंद केला आणि घरी आलो. स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्यानं म्हणालो, “बरोबर केलं मी.”

कुणी खोडून काढतंय का म्हणून थोडा वेळ तसाच थांबलो. मग गॅस पेटवला.