टेस्टिंगला ओवी न्हाय

"माणूस 'हॅलो' म्हणतो त्या आवाजावर बटण लावू नगं, रेश्मा. तो गातो त्या आवाजावर लाव."

वडील, जोतीराम, जाऊन दोन वर्षं झाली. तरी साउंडचा मिक्सर उघडला की त्यांचं हे बोलणं रेश्माच्या कानाशी यायचंच. साउंड घेऊन ती बिरोबाच्या जत्रेला लोणी भापकरजवळच्या वस्तीवर आली होती. गेल्या साली इथंच ती चुकली. ओव्या गाणाऱ्या म्हस्कूतात्यांच्या 'हॅलो'वर तिनं आवाज लावला. रंगात आल्यावर तात्या कानावर हात ठेवून माइकपासून दोन हात मागं सरले आणि त्यांची ओवी ढोलाखाली गडप झाली.

"ताई, औंदा तसंच झालं तर मी पेनड्राइव्हवरची गाणी लावणार," मंडळाचा दिग्विजय म्हणाला. "लोकं उठून जात्यात."

"न्हाय लागणार," रेश्मा हळूच, पण ठाम बोलली.

तात्यांनी येऊन बोटानं माइक टकटकवला. "हॅलो, हॅलो."

"हॅलो नको तात्या. एक ओवी म्हणा."

"टेस्टिंगला?" तात्यांनी कान पकडले. "ढोलावर भंडारा पडल्याबिगर देवाचं नाव घेत न्हाय मी. देव काय तुझा गडी हाय, आवाज बघाय हाक मारायला?"

दिग्विजय फिसकन हसला. रेश्मा हसली नाही; तिला ते पटलं होतं. पण एकदा भंडारा पडला की ढोल थांबत नाहीत. मग बटणं फिरवायला सवड कुठली?

"बरं, मेंढरं लांब गेली की कशी हाक घालायचा?"

"मेंढरं हायत कुठं आता? समदा ऊस हाय."

"असू द्या ऊस. तुमी हाक घाला."

तात्या आपसूक दोन हात मागं सरले, हात कानावर गेला. माळावरून अशी हाक गेली की निवद घेऊन चाललेल्या बाया जागीच थांबल्या. मिक्सरवर मात्र आवाजाचे जेमतेम दोन दिवे लागले. रेश्मानं गेन, म्हणजे माइकची ओढ, वाढवला. कर्णा शिट्टी मारू लागला. तिनं कर्ण्यांची तोंडं माइकपासून पलीकडं फिरवली, ढोलापुढचा माइक काढूनच टाकला.

"आणखी एकदा, तात्या."

हिरवे दिवे वरपर्यंत चढले. आवाज फाटल्याचा लाल लागला नाही. तिनं बटणाशेजारी पेनानं खूण केली. दिग्विजयनं पेनड्राइव्ह खिशात घातला.

तात्या अजून माळाकडंच बघत होते.

"माझी कारभारीण, गोजर, बाजंवरनं उठत न्हाय," ते म्हणाले. "गेल्या साली तिला घरात नुसता ढोल ऐकू आला. म्हणली, तुमी गायलाच न्हाय व्हय?"

"औंदा ऐकू यील, तात्या."

ढोल पुजायला तासभर होता. तात्यांचं घर पार ओढ्यापल्याड. रेश्मानं जास्तीचा कर्णा खांद्यावर घेतला, वायरचं भेंडोळं उचललं आणि कुणाला काही न सांगता, वायर सोडत सोडत, ओढ्याकडं चालू लागली.