घरटी एक माणूस

उज्वलाने दुसरीच्या वर्गातले बाक भिंतीकडे ढकलले आणि फरशीवर सतरंज्या अंथरल्या. ते बुटके बाक मोठ्या माणसांच्या कामाचे नव्हते. मागच्या परीक्षेला कुसाबाई त्यात अशी अडकून बसली होती की तिला बाहेर ओढताना सगळ्या बाया पेपर सोडून हसत सुटल्या होत्या. यंदा हसायला कुणी आलंच नव्हतं. पेपर दहाला सुरू झाला, अकरा वाजत आले, आणि सतरंजीवर एकटे बुधाबाबा. तेही पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून.

टेबलावरचा फोन वाजला.

"किती झाले?" केंद्रप्रमुख निवृत्ती सर नमस्काराच्या भानगडीत कधी पडत नसत.

"एक."

"एक टक्का?"

"एक माणूस, सर. बाया तोडणीला गेल्यात. एक्सपोर्टचा माल निघतोय कालपासून."

"मॅडम, द्राक्षं दरवर्षी निघतात. आपलं केंद्र शंभर टक्के साक्षर, असं मी वर कळवून बसलोय. कसं करायचं ते तुम्ही बघा. आणि मला नियम सांगू नका, ते मीच तुम्हाला पाठवलेत."

नियमांची पुस्तिका टेबलावरच होती. प्रौढांच्या सोयीची वेळ, प्रौढांच्या सोयीची जागा, प्रौढांच्या गरजेचं शिक्षण. ज्याने लिहिलं त्याने अगदी मनापासून लिहिलं असणार. फक्त परीक्षेचा रविवार ठरवताना त्याला दिंडोरीचे द्राक्षमळे आठवले नाहीत, एवढंच. शिकवायला पगारी माणूस नाही. प्रत्येक शिकणाऱ्यामागे एक स्वयंसेवक, तोही शक्यतो घरातलाच, असंही त्यात होतं. म्हणून चांगुणाबाईंच्या नावापुढे शिकवणारी म्हणून त्यांच्या सुनेचं नाव लागलं होतं, वेदिकाचं. वेदिकाने सासूला एक अक्षर शिकवलं असेल तर शपथ. शाळा सुटल्यावर वर्ग घ्यायची ती उज्वला. आसपासच्या गावांत हे वर्ग कागदावर भरायचे, हिचा खरोखर भरायचा, आणि त्याचं तिला थोडं जास्तच कौतुक होतं.

त्या वर्गात सगळ्यात आधी येऊन बसणाऱ्या चांगुणाबाई. बाकीच्यांना सही करायला शिकायचं होतं, एसटीची पाटी वाचायची होती. चांगुणाबाईंनी पहिल्याच दिवशी कनवटीचा फोन काढून उज्वलापुढे धरला होता.

"मला हे वाचायचंय."

"कुणाचे मेसेज आहेत?"

"लेकीचे. संध्याचे. सटाण्याकडं दिलीय तिला. फोनवर बोलाया लागली का सासू शेजारी येऊन बसती, मंग नुसतं हो आणि नाय. म्हणून लिहून पाठवती. आमची वेदिका वाचून दाखवती, बरं चाललंय म्हनती. पण मपल्या जिवाला बरं वाटत नाय."

"मी वाचून दाखवू का?"

चांगुणाबाईंनी फोन लगेच पदराखाली घेतला. "नको बाई. घरातली गोष्ट. मीच शिकते."

आणि खरंच शिकत होत्या. दिवसभर मळ्यात हात वर करकरून खांदे भरून आलेले, तरी येत होत्या. साधी अक्षरं लागायला लागली होती, काना-मात्रेशी झटापट चालली होती. मेसेजातला पहिला शब्द त्यांना ओळखू यायचा, 'आई' असा. पुढचं सगळं गच्च दिसतं म्हणायच्या. जोडाक्षरं अजून व्हायची होती.

फोन ठेवून उज्वला पायरीवर आली. ग्रामपंचायतीचा शिपाई झुंबर समोरच्या पारावर तंबाखू मळत होता.

"झुंबरभाऊ, देवळाच्या भोंग्यावरून सांगता का जरा? ज्यांची परीक्षेला नावं आहेत त्यांनी येऊन जा म्हणावं. पाचपर्यंत केव्हाही चालेल."

झुंबर गेला आणि थोड्या वेळाने भोंगा खरखरला. "हॅलो, हॅलो. सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की शाळेत साक्षरतेचा सरकारी पेपर आहे. तरी घरटी एक माणूस ताबडतोब हजर राहावे."

ग्रामसभा असो, लसीकरण असो, पाणीयोजनेची बैठक असो, झुंबरच्या तोंडात तेच वाक्य बसलेलं. घरटी एक माणूस. जो रिकामा असेल तो जायचा, बाकीचे कामाला. सरकारचं म्हटलं की हजेरी घराची लागते, माणसाची नाही, हे गावात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. त्यामुळे अर्ध्या तासात वर्ग भरला. सुना आल्या, कॉलेजला जाणाऱ्या पोरी आल्या, एक तर आयटीआयचा फिटर आला, आजीच्या नावावर.

वेदिका दारात चप्पल काढत होती.

"तू कशी आलीस?" उज्वलाने विचारलं.

"घरात मीच होते."

"अगं, पेपर सासूबाईंचा आहे."

"हो, त्यांच्यासाठीच आले ना. आत्याबाई तोडणीला गेल्यात. ग्रामसभेला पण त्यांची सही मीच करते."

उज्वलाने वर्गाकडे पाहिलं. चूक कुठे झाली ते तिला कळलं होतं, आणि ती निस्तरायला दोन वाक्यं पुरली असती. उठा, घरी जा, ज्यांची नावं आहेत त्यांनाच पाठवा. ती बोलायला गेली आणि फोन पुन्हा थरथरला. निवृत्ती सर. तिने तो उचलला नाही. तिच्या उमेदीची वर्षं सुरगाण्याच्या डोंगरातल्या शाळेत गेली होती. आत्ता कुठे नाशिकहून रोज येऊन-जाऊन करण्याजोगी शाळा मिळाली होती. संध्याकाळी आई घरी असते म्हणून तिची लेक मैत्रिणींत फुशारकी मारत होती. उज्वलाने हातातले पेपर उगाचच टेबलावर आपटून सारखे केले.

"ज्यांच्या नावावर आलात त्यांचं नाव लिहा," ती म्हणाली. "आणि अक्षर फार चांगलं काढू नका."

"डाव्या हाताने लिहू का, मॅडम?" वेदिका म्हणाली, आणि सगळा वर्ग खुदखुदला. बुधाबाबांना मात्र काहीच कळलं नाही. ते आपले जिभेचं टोक बाहेर काढून खरोखर लिहीत होते.

चारच्या सुमाराला उज्वला गठ्ठा बांधत होती, तेव्हा चांगुणाबाई आल्या. लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, खिशात तोडणीची कात्री तशीच. आत यायच्या आधी त्यांनी नळावर हात धुतले, उलटसुलट करून पाहिले, पुन्हा धुतले.

"उशीर नाय ना झाला बाई? मुकादम सोडीना. पाया पडले त्याच्या."

"मावशी," उज्वला म्हणाली, "तुमचा पेपर झाला."

"कुनी केला?"

"वेदिकाने."

चांगुणाबाई सतरंजीच्या कडेला उभ्या राहिल्या. ओले हात त्यांनी शर्टाला पुसले.

"ती तर बारावी हाय."

"भोंग्यावर जरा घोटाळा झाला. पण काही बिघडलं नाही. तुम्ही पास होणार."

"मला दुसरा द्या. मी बसते. पाच वाजले तरी बसते."

"एका नावावर एकच असतो, मावशी."

"बाई, मला जोडाक्षर येत नाय. तुमीच म्हनला व्हता, पुढच्या महिन्यात घेऊ. मंग पास झाल्यावर मला वर्गात कोन बसू देईल?"

"मी शिकवीन ना," उज्वला म्हणाली. तिला स्वतःचाच राग आला होता, आणि तो आवाजात चांगुणाबाईंवर निघाला. "पेपरचा आणि शिकण्याचा काय संबंध?"

पेपरचा आणि शिकण्याचा काय संबंध, ते पुढे दिसलंच. निकाल लागला. वेशीवर 'संपूर्ण साक्षर गाव' असा फलक उभा राहिला. ज्यांच्यासाठी लावला त्यांतल्या निम्म्या बायांना तो वाचता येत नव्हता. साक्षर गावात साक्षरता वर्ग कशाला, म्हणून वर्ग बंद झाला आणि पुस्तकं टेम्पोत घालून पुढच्या गावाला गेली. चांगुणाबाई तरी येत राहिल्या. कामावरून येऊन शाळेच्या पायरीवर बसायच्या. एकदा उज्वलाची तालुक्याला मीटिंग होती, एकदा लेकीला ताप होता, एकदा बस निघून जाईल म्हणून ती चालता चालताच "उद्या नक्की, मावशी" म्हणाली. मग चांगुणाबाई यायच्या बंद झाल्या, आणि खरं सांगायचं तर उज्वलाला सुटल्यासारखं वाटलं.

पावसाळा सरता सरता निवृत्ती सरांचा फोन आला. गुणवत्ता पडताळणीचं पथक येतंय. पास झालेल्यांतल्या काहींना बोलावून वाचायला लावणार.

"ज्यांना येतं त्यांनाच शाळेत ठेवा," सर म्हणाले. "बाकीच्यांना मळ्यात राहू द्या. आणि हे बघा, पेपर तुमच्या देखरेखीखाली झालेत. सही तुमची आहे, माझी नाही."

पथक यायच्या आदल्या दिवशी शाळा सुटली, पोरं पांगली, आणि उज्वला कुलूप घेऊन बाहेर आली तर पायरीवर चांगुणाबाई. बऱ्याच दिवसांनी दिसल्या. वाळल्या होत्या. चांगुणाबाईंना उद्या कामाला जा म्हणून सांगायचंच होतं. तिने तसं तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी फोन पुढे केला.

"वाचा, बाई."

"घरातली गोष्ट म्हणाला होता ना."

"राखीला आली नाय ती. फोन लावला का लागत नाय. काल रात्रीचा आलाय हा. वेदिका म्हनती, बरं हाय. तुमी वाचा. मला काय ते खरं कळू द्या."

उज्वलाने फोन घेतला. वाचायला वेळ लागला नाही. ‘आई, परत मारलं. हात उचलत नाहीये माझा. मागेही तुला सगळं लिहिलं, तर तू "सांभाळून घे" एवढंच पाठवलंस. तू असं लिहायला सांगशील असं वाटलं नव्हतं. दादाला पाठव गं. ह्या वेळी नाही म्हणू नकोस.’ त्याखाली चांगुणाबाईंकडून गेलेलं उत्तर होतं. ‘दिवाळीपर्यंत थांब. नांदत्या घरातून असं उठून येऊ नये. आई.’

हा फोन घेऊन आत्ताच्या आत्ता गाडी करावी, सटाण्याचा रस्ता धरावा, असंच उज्वलाला वाटलं. तिने मान वर केली, तर फाटकातून वेदिका येत होती. धावत आली असावी.

"चष्मा घेऊन येते, मावशी," उज्वला म्हणाली आणि वर्गात गेली. वेदिका तिच्या मागोमाग आत आली.

"हे उत्तर तू लिहिलंस?" उज्वलाने हळू आवाजात विचारलं.

"मग कोण लिहिणार?"

"तुला काही वाटत नाही? तिकडे मार खातेय ती."

"मीही खाल्लाय, मॅडम. ह्याच घरात, ह्यांच्याच पोराचा. माझ्या माहेरी मी फोन करत होते, तेव्हा मला कोण न्यायला आलं?" वेदिकाचा आवाज चढला नाही. "ती इथे आली तर दोन खोल्यांत तिला मी सांभाळायची, तिचं पोर मी सांभाळायचं. आणि नवरा त्याचा राग माझ्यावर काढणार. तुम्ही नाही येणार मधे पडायला."

"मी खरं ते सांगणार त्यांना."

"सांगा. मी अडवत नाही." वेदिकाने ओढणी खांद्यावर नीट घेतली. "उद्या ते पथकवाले येणार ना? मलाही विचारलं तर मीही खरं तेच सांगेन. पेपर कुणी लिहिला, कुणी लिहायला लावला. अक्षर चांगलं काढू नका, कोण म्हणालं."

बाहेर चांगुणाबाई खोकल्या. उज्वलाच्या डोक्यावर चष्मा होताच. तिने तो डोळ्यांवर घेतला, फोनकडे पुन्हा पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांपुढे सुरगाण्याचा घाट आला, मग लेक आली. उंबऱ्यापर्यंतची चार पावलं ती फार सावकाश चालली. वेदिका दारातच थांबली.

"काय म्हनती?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"बरं चाललंय म्हणते," उज्वला म्हणाली. "कामं फार आहेत, म्हणून फोनला वेळ मिळत नाही. तुमची आठवण येते म्हणते. दिवाळीला येईल."

चांगुणाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग दारातल्या सुनेकडे पाहिलं, आणि पुन्हा उज्वलाकडे.

"ही बी असंच वाचती, बाई," त्या म्हणाल्या.

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, पायऱ्या उतरल्या आणि फाटकाकडे निघाल्या. फोन उज्वलाच्या हातातच राहिला.